भिंत राखायची आणि झराही

16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणली आणि 29 जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. निर्णय गेला, वाद काही गेला नाही. सक्तीला विरोध व्हायला हवा होता आणि तो झाला, याचा मला आनंदच आहे. पण त्यानंतर वादाने जे वळण घेतलं त्याने मन खिन्न होतं. एकीकडे आहेत मराठीचा आग्रह दिसला की 'संकुचित' असा शिक्का मारणारे. जग जवळ येत असताना भाषेला काय कवटाळून बसता, असं ते विचारतात. दुसरीकडे आहेत मराठी न बोलणाऱ्या दुकानदाराच्या कानाखाली आवाज काढून त्याचा व्हिडिओ फिरवणारे आणि त्यात अस्मितेचा विजय पाहणारे. दोघांचं एकमेकांशी हाडवैर, पण एका गोष्टीवर पूर्ण एकमत: भाषेवरचं प्रेम आणि माणसावरचं प्रेम ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली आलं की दुसरं वर जाणारच. म्हणून पहिला म्हणतो भाषा सोडा, दुसरा म्हणतो माणूस सोडा.

माझ्या मते हे गृहीतकच खोटं आहे. आपल्या छोट्याशा भाषेसाठी जीव टाकणं आणि परक्या देशातल्या अनोळखी माणसासाठी तुरुंगात जाणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच श्रद्धेपोटी केल्याचा दाखला आपल्यासमोर आहे. आपल्या भाषिक वादात वेल्सचं नाव नेहमी येतं. इंग्रजीच्या उंबऱ्यात राहून वेल्श कशी टिकली, रस्त्यावरच्या पाट्या दोन भाषांत कशा झाल्या, स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी त्यांनी कशी मिळवली, हे सगळं सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. पण ज्याच्याकडे पाहिल्यावर आपल्या वादातली गाठ सुटू शकेल त्या वॉल्डो विल्यम्स या वेल्श कवीचं नाव त्यात मला कधी दिसलं नाही.

वॉल्डोचा जन्म 30 सप्टेंबर 1904 चा, नैर्ऋत्य वेल्समधल्या पेम्ब्रोकशर परगण्यातल्या हॅवरफर्डवेस्ट या गावी. परगणा भाषेने दुभंगलेला. बाराव्या शतकात नॉर्मन सरदारांनी दक्षिणेकडे फ्लेमिश आणि इंग्रज कुटुंबं वसवली, तेव्हापासून एक न दिसणारी रेघ त्यातून जाते. 'लँडस्कर' हे तिचं नाव. रेघेच्या खाली इंग्रजी, वर डोंगराच्या अंगाला वेल्श. हॅवरफर्डवेस्ट इंग्रजी बाजूला. वडील शाळामास्तर, त्यांना वेल्श येई. आई इंग्रजी बोलणारी, त्यामुळे घरात इंग्रजीच. 1911 साली वडील प्रेसेली डोंगरांच्या कुशीतल्या मनाखलॉग-दी या खेड्यात मुख्याध्यापक म्हणून गेले आणि सात वर्षांचा वॉल्डो तिथल्या पोरांबरोबर खेळता खेळता वेल्श शिकला. विसाव्या शतकातल्या वेल्श कवितेत ज्याचं नाव पहिल्या दोन-चारांत घेतलं जातं, त्याच्याकडे ती भाषा आईकडून आली नाही, सवंगड्यांकडून आली.

त्या खेड्याला परक्या भाषेतून आलेल्या मुलाकडे संशयाने बघायला कारणं कमी नव्हती. 1847 साली इंग्लंडहून आलेल्या शिक्षण आयुक्तांनी आपल्या अहवालात वेल्श लोकांच्या अज्ञानाचं आणि तथाकथित अनीतीचं खापर त्यांच्या भाषेवर फोडलं होतं. ते निळ्या बांधणीचे खंड वेल्समध्ये आजही विश्वासघात म्हणूनच ओळखले जातात. शाळेत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायची पद्धत अनेक ठिकाणी होती, आणि तो अपमान सोसलेली माणसं वॉल्डोच्या लहानपणी हयात होती. असं असताना त्या पोरांनी मास्तरांच्या मुलाला 'आधी आमची भाषा शीक, मग खेळायला ये' असं सांगितलं असतं तर? त्यांनी त्याला खेळात घेतलं आणि भाषा खेळातूनच आली.

यावर लगेच आक्षेप येईल, आणि तो बिनतोड आहे: सात वर्षांच्या पोराची गोष्ट वेगळी, पोटासाठी किंवा धंद्यासाठी मोठ्या संख्येने येणाऱ्या प्रौढांची वेगळी. मनाखलॉग-दीत वेल्शशिवाय पानच हलत नव्हतं. शेतात, चॅपेलमध्ये, दुकानात तीच भाषा, म्हणून मुलगा आपसूक शिकला. जिथे येणाऱ्याला स्थानिक भाषेवाचून काहीच अडत नाही, तिथे नुसत्या जिव्हाळ्याने काय होणार? हा आक्षेप मी मान्य करतो, नव्हे, वॉल्डोनेही तो मान्य केला असता. कारण माणसाला सामावून घेणारी भाषा आधी कुठेतरी पाय रोवून उभी असावी लागते, तिला स्वतःची जमीन लागते, हेच तर त्याच्या सर्वांत गाजलेल्या कवितेत आहे.

ती कविता 'प्रेसेली', 1946 सालची. दुसरं महायुद्ध संपलं होतं, पण लष्कराची जमिनीची भूक संपली नव्हती. 1940 साली मध्य वेल्समधल्या एपिंट डोंगरावरची 54 घरं रिकामी करून 219 माणसांना बाहेर काढलं गेलं होतं. युद्धापुरतं म्हणून घेतलेली ती जमीन आजही गोळीबाराच्या सरावासाठी वापरली जाते, आणि तिथली वेल्श बोलणारी वस्ती कायमची उठली. पेम्ब्रोकशरच्या दक्षिण किनाऱ्यावर कासलमार्टिनची जमीन रणगाड्यांसाठी गेली होती. आता प्रेसेलीचे डोंगर हवे होते. तिथले धर्मोपदेशक आणि शाळामास्तर विरोधाला उभे राहिले. वॉल्डो तेव्हा इंग्लंडमध्ये मास्तरकी करत होता, तिथून त्याने ही कविता लिहिली. सुरुवातीलाच तो डोंगरांना नावानिशी हाक मारतो: वॉयल ड्रिगार्न, कार्न गव्रुई, ताल मनिद. ही माझ्या बालपणाची भिंत, म्हणतो, स्वतंत्रपणे मत मांडायची वेळ आली की दर वेळी माझ्या पाठीशी उभी असलेली. मग माणसं येतात. वारा, पाऊस आणि धुक्याच्या कुळातली, जमिनीशी आणि आभाळाशी झटणारी, वाकल्या कमरेनेच मुलांच्या हाती सूर्य देणारी. शेजाऱ्याच्या उतारावर सगळे मिळून ओट कापताहेत. एका खेपेला चार पट्टे आडवे होताहेत. कुणाचं शेत आणि कुणाची मजुरी, हा हिशेबच तिथे नाही. आणि शेवटची ओळ, जी पुढे भाषेसाठी झगडणाऱ्या पिढ्यांच्या तोंडी बसली: श्वापदापासून भिंत राखूया, घाणीपासून झरा राखूया.

या ओळीकडे लोकांचं अर्धंच लक्ष जातं, अशी माझी तक्रार आहे. अस्मितावाल्यांना भिंत आवडते, विश्वमानवतावाल्यांना झरा. वॉल्डोने दोन्ही एका ओळीत बांधले ते यमकासाठी नव्हे. भिंत कशासाठी राखायची? आतल्या झऱ्यासाठी. आणि तो झरा म्हणजे काय, तर शेजाऱ्याच्या शेतात न बोलावता कापणीला जाणारी माणसं, त्यांच्यातलं बंधुत्व. झरा आटला किंवा नासला तर भिंत उंच बांधून तुम्ही राखणार काय? उलट भिंतच पडली तर डोंगरावर तोफा येतील आणि एपिंटसारखी माणसंच उठतील. मग बंधुत्वावर प्रवचनं झोडायला कोण उरणार? प्रेसेलीवर तोफा आल्या नाहीत. सरकारला बेत सोडावा लागला.

पण श्वापद कोण? इंग्रज माणूस का? इथे वॉल्डोचं दुसरं अंग पाहिलं नाही तर घोटाळा होतो. फेब्रुवारी 1941 मध्ये जर्मन विमानांनी लागोपाठ तीन रात्री स्वॉन्झी शहर भाजून काढलं. सव्वादोनशेच्या वर माणसं गेली. दूरवरून वॉल्डोला बर्फावरचं आभाळ गुलाबी झालेलं दिसलं आणि त्याने कविता लिहिली ती जर्मनांना शाप देणारी नव्हे, आपल्या आईबापांची आठवण काढणारी. शांती करणारे ते धन्य, हे बायबलातलं वचन तिच्यात पुन्हा पुन्हा येतं. चांगलं राष्ट्र आणि वाईट राष्ट्र हा निव्वळ भास आहे असं ते दोघं शिकवीत, असं तो त्यात म्हणतो. शहर अजून जळत असताना हे लिहायला काय छाती लागली असेल? पुढच्या वर्षी कारमार्थनमध्ये युद्धविरोधकांच्या न्यायाधिकरणासमोर उभा राहून त्याने सैन्यात जायला नकार दिला आणि त्याला सूट मिळाली. त्याच सुमारास लग्न झालेली त्याची बायको लिंडा 1943 साली क्षयाने वारली. संसार दोन वर्षांचा. तो पुन्हा लग्नाच्या फंदात पडला नाही.

1950 साली कोरियाचं युद्ध पेटलं आणि सक्तीची सैन्यभरती चालूच राहिली. वॉल्डोने ठरवलं की आपल्या मिळकतीतला एक पैसाही या कामाला जाऊ द्यायचा नाही. कायम नोकरीत प्राप्तिकर पगारातूनच कापला जातो. म्हणून त्याने ती नोकरीच सोडली आणि ॲबरिस्टविथच्या विद्यापीठाचे प्रौढांसाठीचे संध्याकाळचे वर्ग घेऊ लागला, कारण त्या मानधनातून कर परस्पर कापला जात नसे. मागणीच्या नोटिसा आल्या, त्याने भरायला नकार दिला. बेलीफ आले आणि घरातलं सामान उचलून घेऊन गेले. तरी तो ढळला नाही. 1960 साली स्वॉन्झीच्या तुरुंगात आणि 1961 साली इंग्लंडमधल्या फोर्डच्या तुरुंगात त्याने शिक्षा भोगली. 1963 साली सक्तीने भरती झालेला शेवटचा जवान घरी सुटला, तेव्हाच त्याने हा नकार थांबवला. दरम्यान 1953 पासून तो क्वेकर, म्हणजे युद्धाला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा, झाला होता, 1956 मध्ये 'डाइल प्रेन' हा त्याचा एकमेव मोठा संग्रह निघाला होता. शीर्षक बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, ज्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत त्या झाडावरून घेतलेलं. त्या संग्रहात गांधीजींवरची एक कविताही आहे. तिची सुरुवातच अशी की हा कुणी महाकाय पुरुष नव्हे, हा सखा आहे.

करनकाराला, म्हणजे कर द्यायचं नाकारण्याला, त्याच्या मातीत इतिहास होता. मे 1839 मध्ये मनाखलॉग-दीच्याच ट्वम कार्नाबुथ नावाच्या दणकट शेतकऱ्याच्या पुढारपणाखाली लोकांनी बायकांचे कपडे घालून एवाइलवेनचा टोलनाका फोडला. रिबेका दंगली म्हणतात त्या तिथून सुरू झाल्या. गरिबाला चुन्याच्या गाडीवरही टोल मोजावा लागे, त्याचा तो संताप होता. त्याच गावात शिकलेल्या कवीने एकशे अकरा-बारा वर्षांनी पुन्हा पैसे द्यायचं नाकारलं, फक्त या वेळी कुणाचंही काही न फोडता, मोडायचं ते स्वतःचं घर मोडून. आपल्याकडे पवनारला 17 ऑक्टोबर 1940 रोजी विनोबांनी युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण केलं आणि तुरुंगाची वाट धरली, ती याच जातीची कृती. गीता मराठी आयाबहिणींच्या तोंडी बसावी म्हणून 'गीताई' रचणारे विनोबा आणि 'जय जगत' म्हणणारे विनोबा दोन माणसं होती काय?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की भाषेचं प्रेम शेवटी आग लावतंच, याचा पुरावा वेल्समध्येच आहे. 1979 पासून पुढची दहा-बारा वर्षं 'मेइब्योन ग्लिन्दूर' या नावाखाली इंग्रजांनी विकत घेतलेली सुट्टीची घरं जाळली गेली. गावातल्या तरुणांना घर परवडेना आणि वर्षातले दहा महिने कुलूपबंद राहणारी घरं वाढत गेली, हे दुःख खरं होतं. तरीही जाळणं ते जाळणंच. 'भिंत राखूया' म्हणणाऱ्या कवितेतून काडेपेटी काढणारे निघू शकतात, हे मी नाकारत नाही. कुठलंही प्रेम नासू शकतं. पण त्या आगींनी साधलं काय? घरांची विक्री थांबली नाही. आज ग्विनेद परगणा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या स्थानिक करावर दीडशे टक्के जादा आकारतो. भिंतीचं काम हे करतंय, आणि ते करताना कुणाच्या छपराला काडी लावावी लागली नाही. वॉल्डोच्या पक्षाचा मार्ग हाच होता, म्हणून तर तो 1959 च्या निवडणुकीत प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षातर्फे पेम्ब्रोकशरमध्ये उभा राहिला.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे: या सगळ्यातून निष्पन्न काय झालं? त्या निवडणुकीत वॉल्डोला 2,253 मतं पडली, अनामत गेली. बेलीफांनी सामान उचललं म्हणजे सरकारने आपली वसुली केलीच. कोरियाचं युद्ध त्याच्यामुळे एक दिवसही लवकर थांबलं नाही. आणि भाषेचं म्हणाल तर 1911 साली वेल्समधली 43 टक्क्यांवर माणसं वेल्श बोलत होती, 1961 मध्ये 26 टक्के आणि 2021 मध्ये 17.8 टक्के, म्हणजे साधारण 5 लाख 38 हजार. भाषा जी काही सावरली ती 1967 आणि 1993 च्या कायद्यांनी, वेल्श माध्यमाच्या शाळांनी, 1982 मध्ये सुरू झालेल्या वाहिनीने. कवितेचा त्यात काय वाटा?

वॉल्डोच्या करनकाराने मोजता येण्यासारखं काही बदललं नाही, हे मी सरळ मान्य करतो. त्याला ओढूनताणून यशस्वी ठरवण्यात अर्थ नाही. पण कायदे आकाशातून पडले, असंही नाही. त्याच 1950 च्या दशकात लांगेनेख गावी ट्रेवोर आणि आयलीन बीझली या जोडप्याने स्थानिक कराची मागणी वेल्शमध्ये येईपर्यंत कर भरायचा नाही असं ठरवलं. ट्रेवोर कोळसा खाणीत काम करणारा, घरात लहान मुलं. न्यायालयाच्या खेपांवर खेपा झाल्या, बेलीफांनी घरातलं फर्निचर नेलं, पियानोसुद्धा नेला. आठ वर्षांनी, 1960 साली, त्यांच्या दारात दोन भाषांतलं बिल आलं. 13 फेब्रुवारी 1962 रोजी वेल्श नाटककार सॉन्डर्स लुइस यांनी भाषेच्या भवितव्यावर जे रेडिओ व्याख्यान दिलं त्यात याच जोडप्याचा दाखला दिला, त्याच वर्षी वेल्श भाषेची सोसायटी उभी राहिली, आणि पाच वर्षांनी पहिला कायदा आला. त्या सोसायटीतली मुलं इंग्रजी पाट्यांवर रंग फासत, पाट्या उखडत, पण माणसाला हात लावायचा नाही आणि केलेल्या कृत्याची जबाबदारी नाव सांगून घ्यायची, ही शिस्त होती. शेकडोंनी तुरुंग पाहिला. समोरच्याला इजा न करता स्वतः झळ सोसायची ही रीत त्यांच्या हवेत होती, आणि ती हवेत आणणाऱ्यांत वॉल्डो होता. शिस्त नसती तर वेल्श चळवळीचं काय झालं असतं, याचं उत्तर जळालेल्या घरांनी दिलेलंच आहे.

तिसरा आक्षेप स्तुतीच्या वेषात येतो, म्हणून मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. वॉल्डो संत होता हो, संसार नाही, पोरंबाळं नाहीत, त्याला जमलं, आपल्याला कसं जमणार? वेल्समध्येही त्याच्याभोवती ही प्रभावळ पुष्कळांनी बसवली आहे. त्यात थोडं तथ्य आहे. विधुर माणसाला खुर्च्या-टेबलं गेल्याचं दुःख कमी. पण बीझलींना मुलं होती ना? आणि वॉल्डो सायकलवरून गावोगाव वर्ग घेत फिरणारा, विनोदी पद्यं रचणारा, 1936 च्या राष्ट्रीय आइस्तेद्वोदमध्ये, म्हणजे वेल्श काव्य-संगीताच्या महोत्सवात, कवीला मिळणाऱ्या मानाच्या खुर्चीसाठी स्पर्धेत उतरून दुसरा आलेला माणूस होता. हरण्याजिंकण्याची हौस असलेला, चारचौघांसारखा. संत म्हणून मखरात बसवलं की त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यातून आपण मोकळे होतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या बाबतीत आपण हेच केलं. 'अमृतातेंही पैजा जिंके' ही ओळ भाषणाच्या सुरुवातीला, फलकावर, टी-शर्टवर मिरवायची. त्याच ग्रंथाच्या शेवटी 'जे खळांची व्यंकटी सांडो' आहे, तिकडे बघायचं नाही. खळांना ठोका असं तिथे लिहिलेलं नाही. ज्या माणसाला आपल्या मराठी बोलाचा इतका अभिमान होता, त्यानेच साऱ्या विश्वासाठी मागणं मागितलं.

वॉल्डोचीही एक प्रश्नोत्तरांची कविता आहे, 'माणूस म्हणजे काय?' ती साधी आहे, पण उथळ नाही. जगणं म्हणजे काय? अरुंद भिंतींच्या मध्ये प्रशस्त दालन सापडणं. ओळखणं म्हणजे काय? फांद्यांखालचं एकच मूळ सापडणं. क्षमा म्हणजे काय? काट्यांतून वाट काढत जुन्या वैऱ्याच्या बाजूला पोहोचणं. देशप्रेम म्हणजे काय? साक्षीदारांच्या मेळ्यात घर नीट ठेवणं. या शेवटच्या उत्तरापाशी मी नेहमी अडखळतो. देशप्रेमाचं वर्णन रणांगणाच्या भाषेत करायची जगाची सवय, आणि हा माणूस घर झाडून-पुसून ठेवण्याची गोष्ट करतो, तेही पूर्वजांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. घर नीट ठेवायचं तर त्याला भिंती लागतात, दारही लागतं. दार उघडलं म्हणून घर पडत नाही. आणि भिंती आहेत म्हणून दार बंदच ठेवलं पाहिजे असंही नाही. हे बंधुत्व त्याने पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. किशोरवयात गावाजवळच्या दोन शेतांमधल्या खिंडीत उभं असताना माणसं सर्वांत आधी एकमेकांची भावंडं आहेत हे आपल्याला एकाएकी, लख्ख जाणवलं, असं त्याने पुढे स्वतः लिहिलं आहे. 'दोन शेतांत' ही त्याची सर्वांत खोल कविता त्यातूनच चाळीसेक वर्षांनी उगवली. त्या शेतांना नावं आहेत, ती आजही दाखवता येतात. विश्वबंधुत्वाचा साक्षात्कार त्याला झाला तो एका परगण्यातल्या, नाव असलेल्या दोन शेतांच्या बांधावर. जे म्हणतात की जगाचं व्हायचं तर गाव विसरायला हवं, त्यांनी सांगावं, तो आणखी कुठे व्हायला हवा होता?

तुरुंगवास आणि करनकार संपल्यावर वॉल्डो आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत लँडस्करच्या खालच्या, इंग्रजी बाजूला शाळांतल्या लहान मुलांना वेल्श शिकवत राहिला. ज्या मुलांच्या घरात ती भाषा नव्हती, अशा मुलांना. मे 1971 मध्ये तो वारला, तोही हॅवरफर्डवेस्टमध्येच. सात वर्षांचा असताना त्याला जे मिळालं होतं, ते तो साठीत दुसऱ्यांना देत होता, आणि त्यासाठी त्याने कुठल्याही मुलाकडे आधी निष्ठेचा दाखला मागितला नाही.

महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला आहे. भिंत बांधली, चांगलं झालं. सक्तीची हिंदी परतवून लावली, तेही चांगलं झालं. पण त्या शाळेत मराठी शिकणाऱ्या गुजराती, तेलुगू, भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला ती भाषा खेळायला कुणाबरोबर मिळते? आपली स्वतःची मुलं मधल्या सुट्टीत कोणत्या भाषेत भांडतात? ज्या संघटनांकडे एका हाकेला रस्त्यावर उतरणारी शेकडो माणसं आहेत, त्यांनी त्यातली निम्मी तरी अमराठी वस्त्यांत संध्याकाळचे मराठीचे वर्ग चालवायला पाठवावीत, फी न घेता, पाटी न लावता. आणि मराठीच्या आग्रहाला जे संकुचित म्हणतात त्यांनी आपल्या सोसायटीचा हॉल त्या वर्गाला उघडून द्यावा, आणि पहिल्या दिवशी आपल्या वॉचमनला, भाजीवाल्याला, ड्रायव्हरला सोबत घेऊन स्वतः तिथे यावं.